आजोबांच्या पेटीतलं पितळी बक्कल भंगारात देण्याआधी: हिंगोलीच्या जुन्या छावणीचं सामान कसं ओळखायचं?

हिंगोली शहरातल्या जुन्या वस्त्यांची नावं एका दमात म्हटली तर छावणीचा नकाशाच डोळ्यांसमोर उभा राहतो. पलटण, रिसाला, तोफखाना, सदर बाजार, पेन्शनपुरा. पलटण म्हणजे पायदळ, रिसाला म्हणजे घोडदळ, तोफखान्याचा अर्थ सांगायची गरज नाही. सदर बाजार हा छावणीचा बाजार आणि पेन्शनपुरा ही निवृत्त शिपायांची वस्ती.

१ मे १९९९ रोजी परभणीतून वेगळा झालेला हा जिल्हा आज हळदीसाठी आणि औंढा नागनाथसाठी ओळखला जातो. पण १८१९ ते १९०३ अशी जवळपास ८४ वर्षं हिंगोली हे एका मोठ्या फौजेचं ठाणं होतं. फौज गेली, वस्त्यांची नावं राहिली. आणि अशा जुन्या छावण्यांच्या गावांमध्ये कधीतरी माळ्यावरच्या पेटीतून एखादा कडक झालेला चामडी पट्टा, हिरवं पडलेलं बक्कल किंवा म्यानाचं पितळी टोक निघतं.

अशा वस्तू जमवणारे लोक जगभर आहेत. त्यांच्यासाठी तलवारीइतकंच महत्त्व तिच्याबरोबरच्या सामानाला असतं: कमरपट्टा, खांद्यावरचा तिरका पट्टा, मुठीचा गोंडा, म्यानाचे बंद. कारण तलवारीचं पातं सांगतं ती कुठे घडली, पण बक्कल सांगतं ती कोणाच्या कमरेला होती.

पण आपल्याकडे यातलं बरंचसं सामान किलोच्या भावाने जातं. आणि जे वाचतं ते घासून घासून असं चकचकीत केलं जातं, की त्यावरची अक्षरंच उरत नाहीत.

ही फौज नेमकी कोणाची होती?

पगार निजामाचा, अधिकारी इंग्रज. हैदराबादचा ब्रिटिश रेसिडेंट हेन्री रसेल याने १८१३ च्या सुमारास निजामाच्या फौजेतल्या काही पलटणींना कंपनीच्या धर्तीवर कवायत आणि गणवेश दिला. 'रसेल ब्रिगेड' हे नाव त्यातूनच आलं. पुढे ही फौज वाढत गेली आणि तिच्या खर्चापायी निजामावर कर्ज चढत गेलं. १८५३ च्या तहात त्याने या खर्चासाठी वऱ्हाडचा मुलूख इंग्रजांच्या ताब्यात दिला. किमान ५,००० पायदळ, २,००० घोडदळ आणि ४ तोफखाने ठेवायचे असं त्या तहात ठरलं. या फौजेचं नाव पडलं हैदराबाद कंटिंजंट.

तिची ठाणी आपल्याच भागात होती: हिंगोली, जालना, औरंगाबाद, मोमिनाबाद म्हणजे आजचं अंबाजोगाई, शिवाय वऱ्हाडात एलिचपूर म्हणजे अचलपूर. पलटणी एका ठाण्यावरून दुसऱ्या ठाण्यावर हलत असत. त्यामुळे हिंगोलीत सापडलेलं बक्कल हिंगोलीत भरती झालेल्या शिपायाचंच असेल असं नाही, आणि हिंगोलीत नोकरी केलेल्या शिपायाचं बक्कल अचलपुरातही निघू शकतं.

१९०३ मध्ये लॉर्ड किचनरने भारतीय सैन्याची फेररचना केली. कंटिंजंट वेगळी राहिली नाही, तिच्या पलटणी मुख्य सैन्यात सामावल्या आणि हिंगोलीची छावणी उठली.

बक्कल वाचायचं कसं?

महाराष्ट्रात पोलिसांच्या कागदपत्रांत शिपायाच्या नावापुढे आजही 'ब.नं.' लिहितात. ब.नं. म्हणजे बक्कल नंबर. पट्ट्याच्या बक्कलवर माणसाचा क्रमांक असायचा आणि तीच त्याची ओळख. लष्करात बक्कलवर बहुतेक वेळा माणसाचा नव्हे तर पलटणीचा क्रमांक आणि नाव असे, आणि फौजेची नावं वारंवार बदलली. हेच संग्राहकाच्या पथ्यावर पडतं. नावावरून काळ ठरतो.

कंटिंजंटच्या पायदळाच्या सहा पलटणी होत्या. १९०३ मध्ये त्यांना नवे क्रमांक मिळाले आणि त्यांचं गणित सोपं आहे: जुन्या क्रमांकात ९३ मिळवायचे. पहिली झाली ९४वी रसेल्स इन्फन्ट्री, दुसरी ९५वी रसेल्स, तिसरी ९६वी बेरार, चौथी ९७वी डेक्कन, पाचवी ९८वी आणि सहावी ९९वी डेक्कन. घोडदळाचं गणित इतकं सरळ नाही. पहिली लान्सर्स २०वी डेक्कन हॉर्स झाली, दुसरी २९वी लान्सर्स, चौथी ३०वी लान्सर्स किंवा गॉर्डन्स हॉर्स. तिसरी मोडण्यात आली.

म्हणजे बक्कलवर 'हैदराबाद कंटिंजंट' असेल तर ते १९०३ पूर्वीचं. '९६ बेरार' असेल तर १९०३ ते १९२२ च्या दरम्यानचं. १९२२ मध्ये या पायदळाची '१९वी हैदराबाद रेजिमेंट' झाली आणि १९४५ मध्ये तिलाच कुमाऊँ हे नाव मिळालं. हो, आजची कुमाऊँ रेजिमेंट. पहिलं परमवीरचक्र मिळालेले मेजर सोमनाथ शर्मा ३ नोव्हेंबर १९४७ रोजी बडगामला लढताना धारातीर्थी पडले, ते ज्या ४ कुमाऊँमध्ये होते तिची मुळं या ९८व्या पलटणीत, म्हणजे एलिचपूरच्या नवाब सलाबतखानाने १७८८ मध्ये उभ्या केलेल्या फौजेत आहेत. घोडदळातली डेक्कन हॉर्स आजही भारतीय सैन्यात आहे, फक्त घोड्यांच्या जागी रणगाडे आले.

नाव पुसट झालं असेल तर मुकुट पाहायचा. व्हिक्टोरिया राणीच्या काळातल्या चिन्हांवरच्या मुकुटाची कमान मध्यभागी दबलेली, खांदे पाडल्यासारखी दिसते. १९०१ नंतरच्या राजमुकुटाची कमान घुमटासारखी गोल. मुकुटाच्या जागी अशोकस्तंभाचे सिंह असतील तर वस्तू प्रजासत्ताकाच्या काळातली.

चामड्यावरही खुणा असतात. बाणाच्या टोकासारखं चिन्ह आणि त्याखाली इंग्रजी 'आय' हे अक्षर असेल तर तो हिंदुस्थान सरकारचा माल. कानपूरचा शिक्का बऱ्याच पट्ट्यांवर मिळतो, कारण सरकारी हार्नेस अँड सॅडलरी फॅक्टरी आणि कूपर ॲलन ही कंपनी दोन्ही तिथेच होती.

एक गफलत नेहमी होते. निजामाची स्वतःची फौज कंटिंजंटपेक्षा वेगळी होती आणि ती १९४८ पर्यंत टिकली. तिचं सामान कंटिंजंटचं म्हणून विकलं किंवा विकत घेतलं जातं. बक्कलवर उर्दू अक्षरं असतील तर आधी त्या शक्यतेचा विचार करावा.

तलवारीबरोबर इतकं सामान कशाला लागायचं?

घोड्यावरच्या माणसाची अडचण समजून घेतली की सगळं उलगडतं. एका हातात लगाम, दुसऱ्या हातात शस्त्र, आणि खाली जोरात हलणारं जनावर. हातातून तलवार निसटली तर खाली उतरून उचलायला कोणी थांबत नाही. म्हणून मुठीला चामड्याचा किंवा दोऱ्याचा फास बांधत आणि तो मनगटात अडकवत. टोकाला गोंडा. शिपायाचा फास साध्या चामड्याचा, अधिकाऱ्याचा सोनेरी जरीचा. पुढे बंदुका आल्या, तलवार शोभेची झाली, तरी गोंडा तसाच राहिला.

म्यानाला वरच्या भागात दोन कड्या असत. त्यांना दोन बंद, आणि ते बंद कमरपट्ट्याला. तलवार अशी लोंबती राहिली की घोड्यावर बसताना आड येत नाही. पायदळाच्या शिपायाला लोंबती तलवार पायात येते, म्हणून त्याच्यासाठी पट्ट्याला चामड्याची खोबण शिवलेली असे आणि म्यान त्यात घट्ट बसवत. म्यानाच्या तोंडाला आणि टोकाला धातूची टोपणं लागतात. देशी तलवारीच्या बाबतीत त्यांना मुहनाल आणि तहनाल म्हणतात. लाकडी किंवा चामडी म्यान कुजून जातं, पण ही टोपणं उरतात. पेटीत सापडणाऱ्या अनोळखी पितळी तुकड्यांपैकी कित्येक हेच असतात आणि घरचे लोक त्यांना हुक्क्याचा नाहीतर देवघरातल्या कशाचा तरी भाग समजतात.

कमरेपासून खांद्यावर जाणाऱ्या तिरक्या पट्ट्याची गोष्ट हिंदुस्थानातलीच आहे. सॅम ब्राऊन हा घोडदळाचा अधिकारी. ३१ ऑगस्ट १८५८ रोजी पिलिभीतजवळच्या लढाईत त्याचा डावा हात तुटला. एका हाताने म्यान सावरून तलवार उपसता येईना, म्हणून त्याने रुंद कमरपट्ट्याला उजव्या खांद्यावरून येणारा आधाराचा पट्टा जोडून घेतला. तोच सॅम ब्राऊन बेल्ट पुढे जगभरच्या सैन्यांत गेला आणि आपल्याकडचे पोलीस अधिकारी संचलनाला आजही तो घालतात.

शब्दांचा प्रवास मात्र उलट्या दिशेने झाला. घोडदळाचे सवार कमरेला जे रुंद कापड गुंडाळत त्या कमरबंदाचा इंग्रजीत 'कमरबंड' झाला. आणि कंटिंजंटचं घोडदळ ज्या पद्धतीवर चाले तिचं इंग्रजी नावच 'सिलादार' होतं. मराठी वाचकाला हा शब्द ओळखीचा वाटेल, कारण तो आपला शिलेदार. मराठ्यांच्या फौजेत स्वतःचा घोडा आणि हत्यार घेऊन येतो तो शिलेदार, आणि ज्याला सरकारी घोडा मिळतो तो बारगीर. इंग्रजांनी हीच रीत उचलली. सवाराने घोडा, खोगीर, गणवेश आणि तलवारीचं सामान स्वतःच्या पैशाने उभं करायचं, सरकार मोठा पगार देईल. बंदूक तेवढी सरकारी.

संग्राहकाच्या दृष्टीने ही बाब मोलाची आहे. सरकारी सामान निवृत्तीच्या वेळी जमा करावं लागतं, पण शिलेदाराच्या सामानात त्याचा स्वतःचा पैसा गुंतलेला. शिवाय पट्टे-बकलांचा नमुना प्रत्येक रिसाल्यागणिक थोडा वेगळा. पहिल्या महायुद्धात इतके घोडे आणि इतकं सामान सवारांनी स्वतः उभं करणं अशक्य झालं आणि १९२१ च्या सुमारास ही पद्धत बंद पडली.

पण ही फौज लढली कोणाविरुद्ध?

या सामानाबद्दल बोलताना हा प्रश्न टाळला जातो. टाळू नये.

रसेल्स इन्फन्ट्रीच्या युद्धसन्मानांत 'नोव्हा' हे नाव आहे. युद्धसन्मान म्हणजे पलटणीने गाजवलेल्या लढायांची यादी, जी निशाणावर आणि चिन्हांवर मिरवली जाते. हे नोव्हा परदेशात कुठे नाही. हिंगोलीच्या पूर्वेला हदगाव-उमरखेडच्या मुलखात नोवसाजी नाईक या हटकर सरदाराने निजामाविरुद्ध बंड केलं होतं. १८१९ च्या जानेवारीत त्याच्या नोव्ह्याच्या गढीला वेढा पडला आणि ती घेण्यात आली. हिंगोलीचं ठाणं सुरू झालं तेही याच वर्षी. म्हणजे एका बाजूला मिरवण्याचा सन्मान, आणि त्याच मुलखातल्या दुसऱ्या बाजूला पराभवाची आठवण.

दुसरा सन्मान 'सेंट्रल इंडिया'. १८५८ मध्ये सर ह्यू रोजने झाशी, काल्पी आणि ग्वाल्हेर जिंकलं तेव्हा हैदराबाद कंटिंजंट त्याच्यासोबत होती. समोर राणी लक्ष्मीबाई आणि तात्या टोपे होते. त्याच्या आदल्या वर्षी औरंगाबादच्या छावणीत कंटिंजंटच्याच पहिल्या रिसाल्याने हुकूम मानायला नकार दिला होता आणि तो उठाव मोडून काढण्यात आला, हेही त्याच फौजेचं चित्र.

त्यामुळे कंटिंजंटचं बक्कल हातात घेऊन 'आमच्या पूर्वजांची शौर्यगाथा' अशी रील बनवणं सोपं आहे, पण ते अर्धंच खरं. आणि गुलामीची खूण म्हणून फेकून देणंही तितकंच घाईचं. कित्येक घरांत त्या पगारावर आणि पेन्शनवर पोटं भरली. वस्तू दोन्ही गोष्टी सांगते, तिला सांगू द्यावं.

खोटा माल कसा ओळखायचा?

जुन्या लष्करी सामानाच्या हुबेहूब प्रतिकृती भारतातच मोठ्या प्रमाणावर बनतात. डेहराडूनच्या तलवारी चित्रपटांसाठी आणि परदेशी हौशी लोकांसाठी जातात, मुरादाबादचं पितळकाम प्रसिद्ध आहे. हा धंदा उघड आणि कायदेशीर आहे. गडबड होते ती मधला कोणीतरी नव्या मालाला आम्लाचा हात फिरवून 'दोनशे वर्षं जुनं' म्हणून विकतो तेव्हा.

सगळ्यात सोपी परीक्षा चामड्याच्या कडेची. झाडाच्या सालीने कमावलेलं जुनं चामडं आतपर्यंत तपकिरी असतं. क्रोमने कमावलेल्या आधुनिक चामड्याचा काप बहुतेक वेळा निळसर-करडा दिसतो, वरून कितीही काळपट रंग दिला तरी. मग बक्कलवरची अक्षरं पाहावीत. साच्यात दाबून ठोकलेल्या जुन्या चिन्हांची अक्षरं धारदार असतात. जुन्या बक्कलवरून साचा घेऊन ओतलेल्या नकलेत ती गुळगुळीत होतात, बारीक खड्डे दिसतात आणि मापही किंचित लहान भरतं, कारण धातू थंड होताना आकसतो.

झीज कुठे झाली आहे हेही महत्त्वाचं. खरा पट्टा एकाच भोकापाशी ताणलेला असतो, कारण माणसाची कंबर एकच. म्यानाच्या कड्या आतल्या बाजूने झिजतात. सगळीकडे सारखीच जीर्ण दिसणारी वस्तू म्हातारी झालेली नसते, तिला म्हातारी केलेली असते.

विलायती तलवार असेल तर पात्याच्या पाठीवर मुठीजवळ क्रमांक शोधावा. लंडनच्या विल्किन्सन कंपनीने १८५४ पासून अधिकाऱ्यांच्या तलवारींना क्रमांक दिले आणि तिची नोंदवहीही टिकून आहे. क्रमांकावरून तलवार कोणत्या वर्षाची हे कळतं आणि नशीब असेल तर ती कोणत्या अधिकाऱ्यासाठी बनली हेही.

चिंच, लिंबू, पितांबरी: काहीच नको

जुनं पितळ दिसलं की आपला हात आधी चिंचेकडे जातो. देवाची भांडी लखलखीत करायला ते ठीक आहे. बक्कलवर मात्र सोन्याचा पातळ मुलामा असू शकतो, आणि तो एका घासणीत निघून जातो. अक्षरांच्या कडा बोथट होतात त्या वेगळ्याच.

पितळ आणि चामडं जिथे चिकटलेलं असतं तिथे मेणासारखा हिरवा थर येतो. पितळातलं तांबं आणि चामड्यात मुरलेली चरबी यांच्यातून तो तयार होतो. लाकडी दातकोरणीने हलक्या हाताने खरवडला की निघतो. चामड्याला खोबरेल, मोहरीचं तेल किंवा बुटाचं पॉलिश लावायचा मोह आवरावा. तेलाने चामडं काही दिवस मऊ वाटतं, नंतर काळं पडतं, धूळ धरतं आणि पावसाळ्यात बुरशी. हात लावल्यावर लालसर भुकटी निघत असेल तर चामड्याचा गाभाच संपत आलेला आहे आणि काम घरी करण्यासारखं नाही. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात कलासंवर्धन केंद्र आहे, निदान तिथल्या तज्ज्ञांचा सल्ला घ्यावा.

अधिकाऱ्यांच्या पट्ट्यांवर जी सोनेरी जर असते, ती म्हणजे पैठणीच्या जुन्या जरीसारखीच चांदीच्या तारेवर सोन्याचा मुलामा. ती धुऊ नये. आणि चांदीसाठी जाळणाऱ्याला तर मुळीच देऊ नये. घराघरांतल्या जुन्या जरीच्या साड्यांचं काय झालं ते सगळ्यांना माहीत आहे.

ठेवताना पट्ट्याची घडी घालू नये. धुतलेल्या मांजरपाटाची सैल गुंडाळी आत घालून तो मोठ्या वळणात ठेवावा. मराठवाड्यातला पत्र्याखालचा माळा ही चामड्यासाठी सगळ्यात वाईट जागा, उन्हाळ्यात भट्टी आणि पावसाळ्यात ओल. प्लास्टिकच्या पिशवीत बंद करणंही टाळावं. तलवार असेल तर ती चामडी म्यानातून काढून वेगळी ठेवतात, कारण चामड्यातल्या आम्लाने पातं गंजतं.

फोटो टाकण्याआधी कायदा काय म्हणतो?

निव्वळ पट्टा, बक्कल किंवा गोंडा हे शस्त्र नाही. पण १०० वर्षं जुनी ऐतिहासिक महत्त्वाची वस्तू १९७२ च्या पुरावस्तू व कलानिधी कायद्याखाली 'पुरावस्तू' ठरू शकते. घरात ठेवायला प्रत्येक वस्तूची नोंदणी लागत नाही, ती मुख्यतः शिल्पं, चित्रं आणि हस्तलिखितं अशा अधिसूचित प्रकारांना लागते. पुरावस्तूंचा व्यापार करायला मात्र परवाना हवा. आणि खाजगी व्यक्तीला पुरावस्तू देशाबाहेर पाठवता येत नाही, त्यासाठी सहा महिने ते तीन वर्षं कैद आहे. इन्स्टाग्रामवर परदेशी माणसाने चांगली किंमत सांगितली म्हणून कुरिअर करून टाकणं, हा इथे सहज होणारा गुन्हा आहे.

पाया खणताना किंवा शेतात नांगरताना वस्तू सापडली तर भारतीय निखात निधी अधिनियम, १८७८ लागतो. जमिनीत दडलेला १० रुपयांहून जास्त किमतीचा ऐवज सापडल्यास जिल्हाधिकाऱ्यांना कळवणं बंधनकारक आहे.

तलवारीचं प्रकरण वेगळं. नऊ इंचांहून लांब किंवा दोन इंचांहून रुंद पात्याची हत्यारं शस्त्र नियमांत येतात. ती बाळगायला परवाना लागतो का, हे शस्त्र अधिनियम, १९५९ च्या कलम ४ खाली त्या भागासाठी निघालेल्या अधिसूचनेवर ठरतं, म्हणून पोलीस ठाण्यात लेखी विचारलेलं बरं. शिवाय महाराष्ट्र पोलीस कायद्याच्या कलम ३७ खाली जमावबंदीसोबत शस्त्रबंदीचे आदेश निघत असतात आणि ते मोडले तर कलम १३५ लागतं. तलवारीने केक कापल्याचा व्हिडिओ टाकला आणि दुसऱ्या दिवशी गुन्हा दाखल झाला, अशा बातम्या महाराष्ट्रात नव्या नाहीत. तलवार आजोबांची होती, हा बचाव तिथे पुरत नाही.

गणवेश घालून फोटो काढण्याबाबतही एक कलम आहे. आपण सैनिक आहोत असा लोकांचा समज व्हावा या हेतूने सैनिकाच्या गणवेशासारखा पोशाख घालणं किंवा तशी खूण बाळगणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम १६८ नुसार गुन्हा आहे. हेतू महत्त्वाचा.

मग घरात असं काही निघालं तर?

आधी आहे तसा फोटो काढावा, न पुसता. पुढून, मागून आणि शेजारी मोजपट्टी ठेवून. वस्तू कोणत्या घरातून, कोणाच्या पेटीतून निघाली आणि तिच्याबद्दल घरात काय सांगत, हे त्याच दिवशी वहीत लिहावं, कारण सांगणारी माणसं सहसा ऐंशीच्या पुढची असतात. पेटीत पेन्शनचा कागद, सेवापुस्तिका किंवा पदक असेल तर ते वेगळं करू नये. पहिल्या महायुद्धाच्या पदकांच्या कडेला सैनिकाचं नाव, क्रमांक आणि पलटण कोरलेली असते, आणि तेवढ्यावरून बक्कलचा धनी सापडू शकतो.

वस्तू घरात ठेवायची नसेल तर भंगारवाल्याखेरीजही वाटा आहेत. कुमाऊँ रेजिमेंटचं केंद्र उत्तराखंडात राणीखेतला आहे आणि तिथे रेजिमेंटचं संग्रहालय आहे. पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयासारख्या संस्था अशाच घराघरांतल्या वस्तूंतून उभ्या राहिल्या. देण्याआधी पत्र लिहून फोटो पाठवावा, आणि वस्तू दिल्यावर दात्याच्या नावासोबत गावाचं नावही नोंदवहीत लिहून घ्यायला सांगावं: पेन्शनपुरा, हिंगोली.